गाडीवरची यंत्रेही शाकारायला हवीत

जोरदार प्रेशरने पाणी मारणारी यंत्रे टेम्पोवर बसवून इमारतींच्या टाक्या, गालिचे, सोफे आणि मोटारी धुऊन देण्याचा धंदा मुंबईत आता चांगला रुजला आहे. दादरसारख्या भागात तर या धंद्याला मरण नाही. एका बाजूला हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि शिवाजी पार्कच्या जुन्या इमारती, त्यांच्या टाक्या. दुसऱ्या बाजूला दुकाने, हॉटेले, लग्नाचे हॉल आणि त्यांचे गालिचे. आपल्यातील होतकरू तरुणही या धंद्यात उतरले आहेत. कुणी गॅरेजमधली नोकरी सोडून, कुणी आखातातून परतल्यावर साठवलेल्या पैशांतून, तर कुणी कर्ज काढून टेम्पो घेतला आहे. मशिदींतील गालिचे आणि वजूचे हौद साफ करण्याचे कामही अशा यंत्रांवर होऊ लागले आहे. म्हणून आज या पानावर एका साध्या, पण दुर्लक्षित गोष्टीविषयी लिहावेसे वाटते. ती गोष्ट म्हणजे काम बंद असण्याच्या काळात या यंत्रांची घ्यायची काळजी.

परदेशी बनावटीचा पंप घेतला की त्याच्यासोबत एक पुस्तिका येते. तिच्यात दोन-तीन पाने थंडीविषयी असतात. पाणी गोठण्याच्या मोसमात पंपातले पाणी कसे काढावे, नळ्या कशा रिकाम्या कराव्यात, गाडी रात्री कुठे उभी करावी, हे सर्व तेथे लिहिलेले असते. आपला कारागीर ही पाने उघडतो आणि हसून मिटवतो. दादरला कुठे बर्फ पडतो? त्याचे हसणे चुकीचे नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेले नीचांकी तापमान २२ जानेवारी १९६२ चे, ७.४ अंश सेल्सिअस. पाणी गोठण्यासाठी पारा शून्यावर यावा लागतो. मुंबईत तो कधीच तेवढा उतरलेला नाही.

तरीही आमचे मत असे आहे की, ही पाने आपल्यासाठीही आहेत. त्यांत जेथे 'हिवाळा' लिहिले आहे, तेथे आपण 'पावसाळा' असे वाचले पाहिजे, इतकेच.

दोष थंडीचा नाही, साचलेल्या पाण्याचा

थंड मुलुखात नेमके काय होते ते आधी पाहू. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पंपाच्या पितळी डोक्यात, व्हॉल्व्हमध्ये किंवा गनमध्ये पेलाभर पाणी राहिले, तरी रात्रीतून ते फुगते आणि धातूला तडा जातो. कारागीर सकाळी यंत्र चालू करतो, तेव्हा पाणी नोझलमधून येण्याऐवजी पंपाच्या अंगातून फुटून बाहेर येते. एका रात्रीत भांडवल मातीमोल होते. म्हणून तेथील धंदेवाले थंडीला इतके भितात. कोकणातून जाऊन ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या घरांतील जी मुले तेथे मोटारी धुण्याच्या धंद्यात असतील, त्यांना हे शिकवावे लागत नाही.

परंतु नीट विचार केला तर असे दिसते की, थंडीने तडा जातो तो आत पाणी राहिले म्हणून. रिकाम्या पंपाचे थंडी काही बिघडवत नाही. मालकाने 'आज काम संपले, उद्या पाहू' म्हणून जे पाणी आत सोडले, तेच त्याच्या मुळावर येते. थंड देशात हे पाणी एका रात्रीत नुकसान करते आणि सर्वांना दिसते. आपल्याकडे तेच पाणी चार महिने घेते आणि कुणाला दिसत नाही. फरक आहे तो एवढाच.

आपल्या धंद्याचाही एक बंद मोसम आहे. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत गालिचा धुतला तर तो वाळत नाही. त्याला वास धरतो आणि गिऱ्हाईक तक्रार करते. सोफ्याचेही तसेच. पावसात मोटार धुऊन घेणाराही विरळा. टाक्यांचे काम थोडेबहुत चालते, बाकी कामे थांबतात. टेम्पो मग गल्लीत उभा राहतो. टाकीत अर्धे पाणी, नळीत पाणी, पंपात पाणी. वरून ताडपत्री घट्ट आवळून बांधलेली. मालकाला वाटते, आपण काळजी घेतली.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ नायगावात राहतात. दोघे भाऊ मिळून हा धंदा करतात. एका वर्षी त्यांनी मे महिन्यातले शेवटचे काम आटोपून टेम्पो असाच झाकून ठेवला. दिवाळीच्या तोंडावर पहिले काम आले, तेव्हा ताडपत्री काढली. पंप फिरेना. सील वाळून दांड्यांना चिकटले होते, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा गंजल्या होत्या आणि तेल दुधासारखे पांढरे झाले होते. इंजिनाचा कार्ब्युरेटर हिरवट पडून बसला होता. सुटे भाग येईपर्यंत आणि मिस्त्रीला सवड मिळेपर्यंत दिवाळी उलटून गेली. वर्षाची निम्मी कमाई ज्या वीस-पंचवीस दिवसांत व्हायची, ते दिवस गेले. कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही. धाकटा भाऊ आम्हाला म्हणाला, "चार महिने यंत्राला हात लावला नाही, तरी ते बिघडले कसे?" त्याला उत्तर असे की, हात लावला नाही म्हणूनच ते बिघडले.

कोकणाची जुनी रीत

ही गोष्ट आपल्याला नवी वाटू नये. कोकणात ज्यांचे घर आहे, त्यांना शाकारणी ठाऊक आहे. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी कौले उतरवून, फुटकी बदलून, वासे तपासून घर शाकारतात. पाऊस सुरू झाल्यावर कुणी छपरावर चढत नाही. मच्छीमारांचे तर पोटच या रीतीवर चालते. जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि शाकारून ठेवतात. इंजिन उघडून पुसतात, तेल बदलतात, जाळी वाळवून घरात नेतात. रत्नागिरीकडचे दालदी बांधव पिढ्यान् पिढ्या हे करत आले आहेत. होडी नुसती झाकून ठेवणे आणि शाकारून ठेवणे, यांतला फरक त्यांच्या पोरासोरांनाही कळतो.

मुंबईत आल्यावर आपण समुद्र सोडला, होडी सोडली आणि टेम्पो घेतला. पण होडी शाकारण्याची रीतही मागेच राहिली. आमचे म्हणणे असे की, ती परत आणावी. ज्याला परदेशी पुस्तिका थंडीची तयारी म्हणते, त्याला आपल्या भाषेत चांगला शब्द आहे. गाडीवरची यंत्रेही शाकारायला हवीत.

शाकारणीचा दिवस

हे काम केव्हा करायचे? सात जूनची वाट पाहण्यात अर्थ नाही. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. पण २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला, म्हणजे सोळा दिवस आधी. त्या दिवशी वरळीला आचार्य अत्रे चौकाच्या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्थानकातही पाणी शिरले. इतक्या मोठ्या कामाची जेथे ही गत झाली, तेथे गल्लीत उभ्या असलेल्या टेम्पोची काय कथा? मे महिन्याचा तिसरा आठवडा हा शाकारणीचा दिवस ठरवावा आणि त्या दिवशी बाहेरचे काम घेऊ नये.

करायचे काय, ते आता क्रमाने सांगतो.

पहिले काम, पाणी काढणे. टाकीची तळातली चावी उघडून ती पूर्ण रिकामी करावी. इंजिन किंवा मोटार बंद करून गनचा खटका दाबावा, म्हणजे नळीत अडकलेले प्रेशर निघून जाते. मग नळी सोडवून, दोन्ही टोके उघडी ठेवून, उंचावरून खाली अशी हाताने झटकत रिकामी करावी. पंप काही सेकंद कोरडा फिरवून आतले पाणी बाहेर टाकावे. अर्ध्या मिनिटाहून अधिक मात्र फिरवू नये, नाहीतर सील जळतात. गाळणीच्या वाटीत पाणी हमखास राहते. ती खोलून पुसावी.

पाणी काढण्याचे आणखी एक कारण आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. उघड्या झाकणाची टाकी, ताडपत्रीच्या खळग्यात साचलेले पाणी, टेम्पोत पडलेली बादली, या सर्व डासांच्या जागा आहेत. दुसऱ्यांच्या टाक्या स्वच्छ करणाऱ्याच्या गाडीत अळ्या सापडाव्यात आणि त्यासाठी महापालिकेची नोटीस यावी, यासारखी नाचक्की नाही.

दुसरे काम, तेल. पंपाच्या तेलाचा रंग पाहावा. ते दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी गेले आहे, असे समजावे. ते तसेच ठेवले तर बेअरिंग गंजते. जुने तेल काढून नवे भरावे आणि पाणी कुठून शिरले, ते मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. सील झिजले असतील, तर ते मे महिन्यात बदलावेत. नागदेवी स्ट्रीटवर त्या काळात गर्दी कमी असते आणि फिटरही भेटतो. दिवाळीच्या तोंडावर दोघेही मिळत नाहीत.

तिसरे काम, पेट्रोल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. जुन्या पेट्रोलवर इंजिन चार महिने पडून राहिले, तर तेच पाणी कार्ब्युरेटरच्या तळाशी बसते आणि धातू खाते. म्हणून पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करावी. बॅटरीची एक तार सोडवून ठेवावी.

चौथे काम, झाकणे. येथे बहुतेकांची चूक होते. ताडपत्री खालपर्यंत आवळून बांधली, की आतली ओल बाहेर जात नाही. दिवसा तापते, रात्री थेंब सुटतात आणि यंत्र आतल्या आत भिजत राहते. ताडपत्री छपरासारखी बांधावी, म्हणजे वरून पाणी येऊ नये आणि खालून हवा खेळावी. दादर समुद्राजवळ आहे. खाऱ्या हवेने लोखंड लवकर खाल्ले जाते. झाकण्यापूर्वी यंत्र गोड्या पाण्याने धुऊन, कोरडे करून, उघड्या लोखंडावर तेलाचा किंवा ग्रीसचा हात फिरवावा.

पाचवे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे. पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस उघडलेला असताना, ताडपत्री काढावी, पंपाला स्वच्छ पाणी जोडून तो दोन-तीन मिनिटे चालवावा आणि पुन्हा रिकामा करावा. सील ओले राहतात, दांड्या चिकटत नाहीत आणि बिघाड लहान असतानाच कळतो. पावसाळ्यातही टाक्यांची कामे घेणाऱ्यांनी तर दर कामानंतर पंप रिकामा करण्याची सवय लावावी.

हिंदमाता आणि विमा

दादरचा कारागीर आणखी एका संकटात आहे. हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट आहे. महापालिकेने अलीकडच्या वर्षांत प्रमोद महाजन उद्यान आणि परळचे सेंट झेवियर मैदान येथे पावसाचे पाणी साठवण्यासाठी जमिनीखाली टाक्या बांधल्या. त्याने पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरते. पण मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली, की आजही तेथे पाणी साचते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच दिवशी कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर. मुंबईचा पाऊस कुठे कोसळेल, हे कुणी सांगू शकत नाही. टेम्पो कुठे उभा करायचा, हे मात्र आपल्या हातात आहे. पावसाळ्यापुरते भाडे भरावे लागले तरी चालेल, पण उंचावरची जागा शोधावी. मोटार आणि विजेची पेटी टेम्पोच्या तळाशी न बसवता, शक्य तितकी वर बसवावी.

पाणी शिरलेच, तर घाईने चावी फिरवू नये. इंजिनात पाणी असताना ते चालू केले, तर पिस्टन पाण्यावर आदळतो आणि दांडा वाकतो. विमा कंपन्या अशा नुकसानीला बहुधा मालकाची चूक मानतात आणि इंजिनाचे जादा संरक्षण वेगळे घेतलेले नसेल, तर पैसे देत नाहीत. विजेची मोटार भिजली असेल, तर ती उघडून वाळवावी आणि वायरमनकडून मेगरने तपासून घ्यावी. कमीत कमी एक मेगओहम दाखवल्याशिवाय वीज जोडू नये. वीज गळताच तोडणारा ३० मिलिअँपियरचा ब्रेकर प्रत्येक यंत्राला असलाच पाहिजे. ओल्या हातांनी, ओल्या जमिनीवर करण्याचा हा धंदा आहे.

विम्याविषयी आणखी एक सूचना. टेम्पोचा विमा आहे म्हणजे टेम्पोवरच्या यंत्राचाही आहे, असे समजू नये. पॉलिसीत यंत्राची किंमत वेगळी लिहिली आहे का, ते एजंटाकडून लेखी घ्यावे. तसेच मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत फरक पडेल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. यंत्र बसवताना आरटीओचे कागद पुरे केले नसतील, तर भरपाईच्या वेळी तेच कारण पुढे केले जाते.

यंत्र बंद, तर माणूस टाकीत

येथवर आम्ही पैशांचा हिशेब मांडला. पण आम्हाला खरे सांगायचे आहे ते याच्या पुढचे.

गाडीवरचे यंत्र नीट चालत असेल, तर इंजिन रस्त्यावर राहते, टाकीत फक्त नळी जाते. गाळ जेटने सुटतो आणि पंपाने बाहेर येतो. माणसाला आत उतरावे लागले, तरी ते थोड्या वेळापुरते आणि टाकी हवेशीर केल्यानंतर. यंत्र बंद पडले, की हे सर्व उलटते. गिऱ्हाइकाला शब्द दिलेला असतो, सोसायटीचे पाणी बंद केलेले असते. मग हेल्पर पोराला ब्रश आणि बादली देऊन आत उतरवतात. किंवा कुठून तरी लहान पेट्रोलचा पंप मागून आणतात आणि तो टाकीच्या तोंडाशी, कधी तर टाकीतच ठेवतात. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस खाली बसतो आणि परत उठत नाही.

बंद टाकीत धूर नसला तरी धोका असतोच. लोखंड गंजताना आणि गाळ कुजताना हवेतील प्राणवायू खर्च होतो. जो गंज आपला पंप खातो, तोच टाकीतल्या माणसाचा श्वास खातो. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीची भूमिगत टाकी साफ करताना चार मजूर गुदमरून मरण पावले. नागपाडा आपल्या घरापासून, दुकानापासून किती लांब आहे? अशा बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एखाद्या पोराला शिडीवरून खाली उतरवतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, यंत्राची काळजी ही केवळ मालकाच्या पैशाची गोष्ट नाही. ती हेल्परच्या जिवाची गोष्ट आहे. मे महिन्यात ज्याने पंप रिकामा केला नाही, त्याच्यावर ऑक्टोबरात माणूस उतरवण्याची वेळ येते. या दोहोंमध्ये पाच महिन्यांचे अंतर आहे, म्हणून आपल्याला त्यांचा संबंध दिसत नाही. पण संबंध आहे. यंत्र बंद असेल त्या दिवशी काम परत करावे, गिऱ्हाइकाची बोलणी खावीत; पण त्या दिवशी माणूस टाकीत उतरवू नये. हा नियम प्रत्येक मालकाने स्वतःला घालून घ्यावा.

जे थंडीत बाहेर जातात

काही मंडळी आता मुंबईबाहेरची कामेही घेऊ लागली आहेत. त्यांच्यासाठी पुस्तिकेतील ती पाने जशीच्या तशी लागू आहेत. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात दव गोठते. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे पारा इतका उतरतो, की द्राक्षबागायतदार बागा वाचवण्यासाठी पहाटे शेकोट्या पेटवतात. अशा ठिकाणी टेम्पो उघड्यावर उभा असेल, तर नळी आणि गन रात्री खोलीत आणाव्यात आणि पंप रिकामा ठेवावा. काश्मीर-लडाखकडे जाणाऱ्याने याहून अधिक काळजी घ्यावी.

एक इशारा मात्र द्यायला हवा. गोठू नये म्हणून पंपात घालण्याचे जे द्रावण असते, त्याऐवजी काही जण रेडिएटरचे कूलंट वापरतात. त्यात बहुधा एथिलिन ग्लायकॉल असते आणि ते विषारी आहे. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या ज्या यंत्राने धुतल्या जातात, त्यात ते कदापि घालू नये. मुंबईत तर अशा द्रावणाची गरजच नाही. रिकामा पंप हाच उत्तम उपाय.

व्यापाऱ्यांनी काय करावे

दोष फक्त कारागिरांना देऊन चालणार नाही. यंत्रे विकणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांचीही काही जबाबदारी आहे. इंग्रजी पुस्तिका हातात दिली, सही घेतली, की विक्री पुरी झाली असे नाही. पुस्तिकेत थंडीची तीन पाने आहेत, पावसाळ्याचे एकही नाही. विक्रेत्याने एका कागदावर, मराठीत आणि उर्दूत, पावसाळ्यापूर्वी करण्याची पाच कामे छापून द्यावीत. खर्च काही रुपयांचा. आणि मे महिन्यात जुन्या गिऱ्हाइकाला एक फोन करावा. सीलचा संच आणि तेलही विकले जाईल आणि गिऱ्हाईकही टिकेल.

शेवटी मजुरीविषयी. शाकारणीच्या दिवशी बाहेरचे काम नसते, म्हणून काही मालक हेल्परला त्या दिवसाचा रोज देत नाहीत. मग काम अर्धवट होते आणि त्याचा दोष पुन्हा हेल्परवरच येतो. होडी शाकारणाऱ्या खलाशाला कुणी फुकट राबवत नाही. एक दिवस, दोन माणसांचा रोज, थोडे तेल आणि ग्रीस, एवढाच हा खर्च आहे. एका बंद पडलेल्या दिवाळीसमोर तो काहीच नाही, आणि टाकीत गुदमरलेल्या एका पोराच्या जिवासमोर तर त्याचा हिशेबच करायचा नसतो.

येत्या मे महिन्यात आपल्या टेम्पोवरची ताडपत्री बांधण्यापूर्वी एकदा पंपाखाली भांडे ठेवा आणि चावी उघडा. भांड्यात जे पाणी पडेल, ते पाहा. परदेशी पुस्तिका त्याच पाण्याविषयी बोलत होती.